कुणाच्या हातात काय : दिवाळी अंकाच्या कचेरीतला एक दिवस

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीत दिवाळी अंकांची वाट पाहिली जाते, आणि तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही : दिवाळी कुणासाठी थांबत नाही. लेखक आजारी पडो, कागद उशिरा येवो, अंक दसऱ्याच्या मागेपुढे छापून बाहेर पडलाच पाहिजे. मी पुण्यातल्या एका दिवाळी अंकाची कार्यकारी संपादक आहे. आमची नऊ जणांची टोळी काही वर्षांपासून सगळं काम एका सामायिक बोर्डावर चालवते. पितृपंधरवड्यातल्या, ऐन धावपळीतल्या एका दिवसाची ही नोंद.

सकाळी ८.००

चहा उकळेपर्यंत फोनवर बोर्ड उघडते. डावीकडून उजवीकडे रकाने आहेत : आलेला मजकूर, संपादन, अक्षरजुळणी, पहिलं प्रूफ, लेखकाकडे, मांडणी, शेवटचं वाचन, प्रेसला. अंकातली प्रत्येक कथा, प्रत्येक लेख, कवितांचं प्रत्येक पान यांचं एकेक कार्ड. टप्पा पुरा झाला की कार्ड उजवीकडे सरकतं. कार्डावर एका माणसाचं नाव असतं. दोघांची नावं आम्ही कधीच लावत नाही, कारण दोघांचं काम म्हटलं की दोघंही दुसऱ्यावर भरवसा ठेवून बसतात.

मी बोर्ड उजवीकडून वाचते. प्रेसच्या दाराशी आलेलं काम आधी सुटलं पाहिजे. नवीन लेख हाती घेण्यात उत्साह असतो, पण अंक पुढे जातो तो अर्धं झालेलं काम पुरं झाल्यावर.

आम्ही ट्रेलो वापरतो. न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक या कंपनीने ते २०११ मध्ये आणलं आणि २०१७ मध्ये अ‍ॅटलासियनने ते ४२.५ कोटी डॉलरना विकत घेतलं. अशी साधनं आता पुष्कळ आहेत. अ‍ॅटलासियनचंच जिरा आहे, असाना आहे, बेसकॅम्प आहे, आपल्या चेन्नईच्या झोहोचं प्रोजेक्ट्स आहे. सोयी कमीजास्त असतात, गाभा सगळ्यांचा एकच. काम कुणाकडे आहे, कुठवर आलंय आणि कधीपर्यंत व्हायचंय, ही तीन उत्तरं कुणालाही न विचारता मिळाली पाहिजेत.

आज उजवीकडची बाजू मोकळी आहे. ‘पहिलं प्रूफ’ या रकान्याचा मात्र रंग बदललाय. तिथे जास्तीत जास्त सहा कार्डं ठेवायची असं ठरलेलं आहे आणि आठ जमली आहेत. आजच्या दिवसाचं मुख्य काम मला कचेरीत पोचण्याआधीच समजलं.

सकाळी ९.३०

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत कचेरी. एका खोलीत अक्षरजुळणीची दोन मशीनं, दुसरीत मोठं टेबल आणि भिंतीवर पडदा. पडद्यावर बोर्ड लावून दहा मिनिटं सगळे उभे राहतो. संपादक, मी, उपसंपादक, अक्षरजुळणीच्या दोघी, दोन मुद्रितशोधक, मांडणीकार आणि जाहिरातींचं बघणारे दादा.

इथे कुणी ‘काल मी काय केलं’ हे सांगत नाही. ते बोर्डावर दिसतंच. आम्ही फक्त अडलेल्या कार्डांवर बोलतो.

“ताई, स्थलांतरावरच्या लेखाला नकाशा यायचा होता ना?” मांडणीकार विचारतो.

“काल रात्री आला, कार्डाला लावलाय,” उपसंपादक सांगते. “पण गावांची नावं इंग्रजीत आहेत. मराठीत करून मागितलाय, बुधवारी देतो म्हणालेत.”

“मग तो लेख मी बुधवारी दुपारी धरतो. आज कवितांची पानं लावून टाकतो.”

हे बोलणं एवढंच. पण ते झालं नसतं तर मांडणीकाराने आज लेखाची पानं लावायला घेतली असती, नकाशा नाही म्हणून मध्येच सोडली असती, आणि बुधवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती.

नऊ माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात? छत्तीस. पाच जणांत दहाच होतात. माणसं दुपटीपेक्षा कमी वाढली, तरी एकमेकांना सांगायचे-विचारायचे रस्ते साडेतीन पटींहून जास्त वाढले. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकाची कार्यप्रणाली घडवण्याचं काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हेच गणित मांडलं. रखडलेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी रखडतं, हा त्यांचा निष्कर्ष आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बोर्डामुळे छत्तीस रस्त्यांची गरज उरत नाही. नऊ जण एकाच ठिकाणी बघतात, म्हणजे नऊच रस्ते. टोळीचं काम सुधारतं ते मुख्यतः इथे. हात पूर्वीच्याच वेगाने चालतात, विचारपूस मात्र संपते.

सकाळी १०.३०

आता एक कार्ड जवळून बघू. वरच एका ज्येष्ठ लेखकाची दीर्घकथा आहे. त्यांनी ती आपल्या जुन्या संगणकावर, जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटात टाइप करून पाठवली आहे. आमची मांडणी युनिकोडमध्ये होते. मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि त्यात मराठीची ठरावीक ठिकाणं हटकून दुखावतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र बिघडतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून दुसऱ्याला चिकटते. अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं उगवतात.

पूर्वी हे सगळं मुद्रितशोधकाच्या डोळ्यांवर सोडलेलं असायचं. आता अशा प्रत्येक कार्डात एक तपासयादी आपोआप येते. कार्डाला ‘जुना फाँट’ ही पट्टी लावली की यादी हजर : ऱ्य आणि ऱ्ह तपासले, रफार तपासला, ऱ्हस्व वेलांटी तपासली, अवतरणचिन्हं, विसर्ग आणि अनुस्वार तपासले, मूळ फाइलशी परिच्छेदांची संख्या जुळवली. अक्षरजुळणीच्या ताई शोधपेटीत एकेक जोडाक्षर घालून यादीवर खूण करत जातात. पाचही खुणा झाल्याशिवाय कार्ड प्रूफाला द्यायचं नाही.

शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. गेल्या हंगामात एका लेखाचं रूपांतर होताना मधला एक परिच्छेद गळला होता. वाक्यं पुढेमागे नीट जुळत होती, त्यामुळे वाचताना कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. ते लेखकाच्या नजरेला आलं आणि वेळेत सुधारलं. त्याच दिवशी परिच्छेद मोजायची ओळ यादीत घातली. त्यानंतर आलेला कुठलाही नवा माणूस ती पायरी चुकवत नाही, कारण ती कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

या साधनांचा हा गुण मला फार मोठा वाटतो. एकदा शिकलेला धडा कामाच्या वाटेवरच नोंदलेला राहतो. अनुभवी माणूस रजेवर गेला तरी त्याचा अनुभव कचेरीत असतो.

दुपारी १२.००

प्रूफांच्या तुंबलेल्या रकान्याकडे वळते. दोन्ही मुद्रितशोधक मिळून दिवसाला साधारण चाळीस पानं नीट वाचतात. नीट हा शब्द महत्त्वाचा. आठ कार्डांची मिळून एकशे वीस पानं आहेत. म्हणजे आज रांगेच्या शेवटी ठेवलेला लेख तीन दिवसांनी हाती लागणार. पुढे एमआयटीत शिकवलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली याच नियमाची गणिती सिद्धता दिली. रांगेत सरासरी किती कामं आहेत त्याला रोज किती निपटतात त्याने भागलं, की प्रत्येक काम सरासरी किती दिवस अडकणार ते कळतं. प्रूफवाचनाचा वेग वाढवणं धोक्याचं. मग ताटकळणं कमी करायचं तर रांगच लहान ठेवायची.

म्हणून मी अक्षरजुळणीच्या दोघींना सांगते, आज नवीन मजकूर लावू नका. त्यातली एक जण दुपारपासून मूळ प्रत धरून मोठ्याने वाचेल आणि मुद्रितशोधक काका पडताळत जातील. अशा जोडवाचनात काकांची नजर दोन कागदांवर उड्या मारत नाही, काम झपाट्याने उरकतं. सहाच्या आत कार्डं आली की अक्षरजुळणी पुन्हा सुरू.

नव्याने आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. हात मोकळे असताना काम थांबवायचं? पण तिने लावलेला आणखी एक लेख रांगेत जाऊनच पडणार होता. तो लवकर तयार झाल्याने अंक एक दिवसही लवकर निघत नाही.

ही रीत जपानमधून आली. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ती घडवली. पुढच्या टप्प्याने कार्ड पाठवून मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने सुटा भाग बनवायचाच नाही. अमेरिकेतल्या सुपरमार्केटात गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर पुन्हा भरतात, त्यावरून त्यांना हे सुचलं. सॉफ्टवेअरच्या कामात ही कल्पना रुजवण्यात डेव्हिड अँडरसन यांचा मोठा वाटा आहे, आणि त्या कथेचा एक धागा आपल्याकडचा आहे. २००४-०५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत संगणक प्रणालींमध्ये दुरुस्त्या करणारी एक छोटी टोळी हैदराबादेत होती. मागण्यांचा ढीग साचला होता आणि एकेका दुरुस्तीला पाच महिने लागत होते. टोळीतली माणसं चांगली होती. त्यांचा वेळ जात होता तो प्रत्येक मागणीचा आधी अंदाज काढून देण्यात, आणि त्यातल्या कितीतरी मागण्या पुढे कधी हाती घेतल्याच जात नव्हत्या. अंदाज काढणं बंद केलं, हातातल्या कामांवर मर्यादा घातली. वर्षाच्या आत तीच टोळी साधारण दोन आठवड्यांत दुरुस्ती देऊ लागली.

दिवाळी अंक आणि संगणक प्रणाली यांत फारसं साम्य नाही. पण दोन्हीकडे उशीर होतो तो करण्यात कमी आणि थांबण्यात जास्त. एका कथेचं संपादन, जुळणी, दोन वाचनं, मांडणी यांचे प्रत्यक्ष तास मोजले तर ते चार-पाच दिवसांत बसतात. तरी ती महिनाभर कचेरीत असते. उरलेले दिवस ती कुणाच्या तरी टेबलावर, कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून असते. काम करणाऱ्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पडून राहिलेल्या कामाकडे कुणाचंच नसतं. बोर्ड आधी तेच दाखवतो.

दुपारी १.३०

डबे. जेवताना बोर्ड बंद आणि फोन उलटे. सूचनांचा आवाज आम्ही मुळातच बंद ठेवलेला आहे. प्रत्येक कार्ड हललं की प्रत्येकाचा फोन वाजू लागला तर वाचणाऱ्याचं लक्ष दिवसभर तुटत राहील. ज्याचं नाव कार्डावर आहे त्यालाच सूचना जाते, बाकीच्यांनी सकाळी, दुपारी आणि निघताना बोर्ड बघायचा.

दुपारी २.१५

लेखकांकडून दुरुस्त्या यायची ही वेळ. कुणी प्रूफाच्या कागदावर लाल शाईने खुणा करून फोटो पाठवतात, कुणी ईमेल करतात, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठेवतात : “पान चारवर दुसऱ्या ओळीत ‘वाडा’ नको, ‘माडी’ करा.” लेखकाने कसं पाठवावं हे आम्ही त्यांना सांगत नाही. सत्तरी उलटलेल्या कवीला अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगणं मला पटत नाही. आमचा नियम आमच्यापुरता आहे : दुरुस्ती कुठूनही येवो, ज्याला मिळाली त्याने ती लगेच कार्डावर टाकायची. फोनवर झालेलं बोलणंही दोन ओळींत तिथे लिहायचं. कार्डावर नाही ते ठरलेलंच नाही.

कठोर वाटेल, पण याने वाद मिटतात. आज एका लेखिकेचा फोन आला. कथेचं शीर्षक आपण बदललं होतं, प्रूफात जुनंच कसं? कार्ड उघडलं. गेल्या आठवड्यात त्यांनी संपादकांना नवं शीर्षक सांगितलं होतं आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करून जुनंच ठेवा म्हटलं होतं. दोन्ही नोंदी तारखांसकट होत्या. मी वाचून दाखवल्या.

“हो हो, आलं लक्षात,” त्या म्हणाल्या. “आता ऐकताना मात्र नवंच बरं वाटतंय हो.”

मग नवं ठेवलं. मिनिटभरात विषय संपला. कोण खरं, कुणी ऐकलं नाही, कुणी विसरलं, यातलं काही झालं नाही.

फाइलींचंही तसंच. एकाच कथेच्या ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम दुरुस्त’ अशा तीन फाइली तीन मशीनवर असल्या की चूक होणारच. दोघं दोन वेगळ्या प्रतींवर दुरुस्त्या करतात आणि एकाची मेहनत वाया जाते. आता फाइल एकाच जागी असते आणि कार्डाला तिचा दुवा लावलेला असतो. कार्ड ज्याच्याकडे, फाइल उघडायचा हक्क त्याचा. पूर्वी हस्तलिखित एकच असायचं आणि ते ज्याच्या टेबलावर तोच त्याचा धनी असायचा. संगणकाने प्रती काढणं फुकट केलं आणि ती शिस्त गेली. बोर्डामुळे ती परत आली.

दुपारी ३.३०

फर्म्यांचा हिशेब. आमच्या अंकात एका फर्म्यात सोळा पानं बसतात. कागदाच्या एका मोठ्या तावावर दोन्ही बाजूंनी सोळा पानं छापून घडी घालतात. चौदा फर्मे, म्हणजे दोनशे चोवीस पानं, शिवाय मुखपृष्ठ. सोळापैकी पंधरा पानं तयार असून उपयोग नाही. सोळावं येईपर्यंत तो फर्मा प्रेसला जात नाही, आणि प्रेसमध्ये आपली वेळ चुकली की मशीनवर दुसऱ्याचं काम चढतं. या हंगामात सगळेच अंक छपाईला उभे असतात.

म्हणून प्रत्येक कार्डावर फर्म्याचा क्रमांक आहे आणि बोर्ड दिनदर्शिकेच्या रूपातही बघता येतो. तारखा आम्ही उलट्या बाजूने लावतो. अंक विक्रेत्यांकडे कधी पोचायचा, त्याच्या आधी बांधणीला किती दिवस, त्याच्या आधी छपाई, त्याच्या आधी प्लेटा, असं मागे येत येत प्रत्येक फर्म्याची शेवटची तारीख निघते. कामं पट्ट्यांनी आखायची पद्धत अमेरिकन अभियंते हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोकप्रिय केली. कुठल्या कामांची साखळी लांबली की सगळंच लांबतं, हे शोधायची रीत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत घडली. तेव्हा त्यासाठी खोलीभर संगणक लागायचा. आज एका कार्डाची तारीख हलवली की फर्म्याचं काय होईल ते आमचा मांडणीकार फोनवर बघतो.

दिनदर्शिकेत आज एक गोष्ट ठळक दिसते. अकराव्या फर्म्यातल्या एका लेखाची तारीख गेली आणि कार्ड अजून पहिल्या रकान्यातच आहे. मजकूर आलेलाच नाही. मी लेखकांना फोन करते. घरात आजारपण आहे, या वर्षी जमणार नाही, कळवायचं राहिलं, असं ते सांगतात. त्यांच्या आवाजातलं दडपण जाणवतं. मी म्हणते, “तुम्ही घरचं बघा. अंकाची काळजी करू नका, आमच्या हातात वेळ आहे.” आणि हे मी त्यांची समजूत काढायला म्हटलेलं नसतं. हातात खरंच बारा दिवस आहेत.

सात पानं मोकळी झाली.

जाहिरातींचे दादा बोर्डाचा आपला भाग उघडतात. जाहिरातींच्या कार्डांचे रकाने वेगळे आहेत : बोलणी, होकार, मजकूर आला, मंजुरी, पैसे जमा. “एक पान मी घेतो,” ते म्हणतात. “पतपेढीची जाहिरात होकारात आहे, आज मजकूर येतोय. बाकी सहा तुमची.” पूर्वी मजकूर आणि जाहिराती यांची पानं शेवटच्या रात्री एकमेकांना भिडायची. आता कितीतरी दिवस आधी दोघांना एकच आकडा दिसतो.

सायंकाळी ५.००

मुद्रितशोधक काका कचेरीतले सगळ्यात अनुभवी. खिळ्यांच्या जुळणीच्या काळापासून प्रूफं वाचतात. ते कागदावर वाचतात, शाईच्या पेनाने खुणा करतात आणि बोर्डाला हात लावत नाहीत. त्यांनी लावावा असा आग्रहही कुणी धरत नाही. त्यांच्या टेबलावर दोन ट्रे आहेत : वाचायचं आणि वाचून झालेलं. दुसऱ्या ट्रेमध्ये कागद पडला की शेजारी बसणारी ताई कार्ड सरकवते. काकांच्या चष्म्यामागच्या नजरेला पर्याय नाही. साधन त्या नजरेच्या सोयीने बसवायचं असतं.

कोल्हापूरचे चित्रकार आमच्या टोळीबाहेरचे. त्यांना पूर्ण बोर्ड दाखवून काही साधत नाही. त्यांना कथा, चित्राचं माप, पान रंगीत की काळं-पांढरं, आणि तारीख एवढंच हवं असतं. ते सगळं एका कार्डात भरून त्याचा दुवा पाठवतो. ते कच्चं रेखाटन कार्डावर टाकतात, संपादक तिथेच शेरा देतात. आज शेरा होता : “बाईच्या हातात घागर आहे, कथेत दुष्काळामुळे प्लास्टिकचे हंडे आहेत.” अर्ध्या तासात नवं रेखाटन आलं. रंग भरल्यावर हे लक्षात आलं असतं तर त्यांचे दोन दिवस गेले असते. अशा वेळी बोर्डाचा लाभ अंकाच्या दर्जाला होतो, कारण मतं मांडायची जागा काम कच्चं असतानाच मिळते.

सायंकाळी ६.१५

चौथा फर्मा पुरा. मांडणीकार शेवटची तपासणी करतो. फोलिओ म्हणजे पानांचे आकडे क्रमाने आहेत, फाँट फाइलीतच घातलेले आहेत, चित्रांचे रंग छपाईच्या चार शाईंमध्ये बदललेले आहेत. पीडीएफ प्रेसला जाते, सोळा पानांची कार्डं एकदम शेवटच्या रकान्यात. प्रूफांच्या रकान्यात आता पाच कार्डं. जोडवाचनाने काम केलं.

सोमवारी संध्याकाळी आम्ही अर्धा तास बसून गेल्या आठवड्यात कुठलं कार्ड कुठल्या रकान्यात किती दिवस राहिलं ते बघतो. आज सोमवार आहे. ‘लेखकाकडे’ या रकान्यात कार्डं सरासरी सगळ्यात जास्त थांबली. उपाय ठरतो : प्रूफ पाठवताना परत यायची तारीख लिहून पाठवायची आणि आदल्या दिवशी एक फोन करायचा.

या बैठकीत एक मर्यादा आम्ही कटाक्षाने पाळतो. कार्डं मोजायची, माणसं नाही. कुणी आठवड्यात किती कार्डं सरकवली याचा तक्ता काढणं या साधनांत सोपं असतं आणि कितीतरी ठिकाणी तो काढतातही. तसं केलं की बोर्ड खोटं बोलायला लागतो. माणसं सोपी कार्डं आधी उचलतात, अडचण लपवतात, अर्धवट काम पुढे ढकलून मोकळी होतात. ज्या कचेरीत ‘माझं अडलंय’ म्हणायला भीती वाटते तिथे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. ज्याने अडचण आधी दाखवली त्याचे आम्ही आभार मानतो, आणि मनापासून मानतो, कारण त्याने आपल्या सगळ्यांचे दिवस वाचवलेले असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीनच गोष्टी सांगते. काम आज ज्या टप्प्यांतून जातं तेच रकाने करा, आदर्श टप्पे कल्पू नका. एका कार्डावर एकच नाव लावा. आणि पहिला महिना बाकीच्या सगळ्या सोयी बंद ठेवा. टोळीची सवय लागली की कुठली सोय हवी ते टोळीच सांगते.

सायंकाळी ७.००

बाकीचे निघतात. संपादक आणि मी सहा पानांच्या प्रश्नाकडे वळतो. बोर्डाच्या टोकाला ‘विचाराधीन’ नावाचा रकाना आहे. न मागवता आलेल्या कथा तिथे असतात आणि प्रत्येकीवर उपसंपादकाचं टिपण. दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत असं साहित्य ढिगाने येतं आणि वेळेअभावी बरंचसं न वाचता राहतं, याची मला नेहमी बोच असते. मोकळी जागा शेवटच्या दोन दिवसांत समजली की हाताशी असलेल्या, नावाजलेल्या लेखकालाच फोन जातो. नव्याला संधी द्यायला वेळ लागतो. वाचायला, बोलायला, एखादी कमजोर जागा पुन्हा लिहून घ्यायला.

आज तो वेळ आहे. आम्ही तीन कथा आळीपाळीने वाचतो. नांदेड जिल्ह्यातल्या एका तरुण शिक्षिकेची कथा दोघांनाही धरून ठेवते. भाषा तिची स्वतःची आहे, शेवट घाईचा झालाय. संपादक म्हणतात, “शेवटावर तिच्याशी बोला. ही घेऊ या.”

मी तिला फोन लावते. तिला आधी विश्वासच बसत नाही. शेवटाबद्दल आम्ही बराच वेळ बोलतो आणि ती शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून पाठवायचं कबूल करते. मी कार्ड ‘संपादन’मध्ये आणते, तिचं नाव आणि तारीख घालते, अकराव्या फर्म्याची खूण लावते.

बोर्डाने कथा निवडली नाही, आणि त्याने निवडावी असं मला वाटतही नाही. वाचणं, पारखणं, लेखिकेशी बोलणं ही आमची कामं आहेत आणि तीच खरी संपादकाची कामं आहेत. ‘ते कुठवर आलं’ आणि ‘कुणाकडे आहे’ यांत रोजचे जे तास जात होते ते बोर्डाने आम्हाला परत दिले. त्या तासांचं काय करायचं हे टोळीने ठरवायचं असतं. या वर्षी त्यातून एका नव्या लेखिकेची पहिली कथा छापून येते आहे, आणि पुढच्या वर्षी ‘विचाराधीन’ रकान्यातली प्रत्येक कथा दोघांनी वाचायची, असा नियम आम्ही आजच बोर्डावर लिहिला आहे.